इंग्रजी उच्चार आणि स्पेलिंग: मराठी बोलणाऱ्यांसाठी पायरीपायरीने सराव

मराठीत ‘पेपर’ असं लिहिलं की त्यात इंग्रजीतले दोन शब्द मावतात: एक वाचायचा कागद, दुसरी काळी मिरी. ‘पेन’मध्ये लेखणीही आहे आणि वेदनाही. ‘टेस्ट’ म्हणजे चाचणी आणि चव दोन्ही. ‘सेल’मध्ये तर होडीचं शीड, दुकानातली विक्री, शरीरातली पेशी आणि तुरुंगातली कोठडी एकत्र नांदतात. इंग्रजी कानाला मात्र पहिल्या तिन्ही जोड्या वेगवेगळ्या ऐकू येतात, आणि ‘सेल’मध्येही शीड-विक्रीचा उच्चार एक, पेशी-कोठडीचा दुसरा. आपल्याला ते वेगळेपण ऐकू येत नाही, कारण आपण हे शब्द देवनागरीतून शिकलो आणि देवनागरीत त्या फरकाला जागाच नव्हती.

इंग्रजीची अडचण अशी दुहेरी आहे. अक्षरं २६, पण दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण बोलीत ध्वनी साधारण ४४. त्यातले वीसच्या आसपास स्वरध्वनी, आणि ते पाच स्वराक्षरांवर भागवायचे. त्यात इतिहासाची भर पडली. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना सुरू केला आणि हळूहळू स्पेलिंग गोठत गेलं. नेमक्या त्याच काळात, अंदाजे १४०० ते १७०० दरम्यान, इंग्रजीचे दीर्घ स्वर आपल्या जागा बदलत होते. म्हणजे कागदावर जुना उच्चार राहिला आणि तोंडात नवा आला. म्हणून स्पेलिंगवरून उच्चार काढू नका. उच्चार कानाने किंवा शब्दकोशातून घ्या, आणि स्पेलिंग शब्दाच्या कुळातून लक्षात ठेवा. खालच्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत.

पायरी १: वहीसाठी स्वतःची देवनागरी तयार करा

शब्दकोशातली उच्चारचिन्हं शिकलेली बरी, पण सुरुवातीला देवनागरीच थोडी सुधारून वापरली तर काम लवकर होतं. मराठी वर्णमालेत ॲ आणि ऑ आधीच आहेत, तेव्हा ‘बॅट’ आणि ‘बॉल’ची सोय झालेली आहे. त्यात एवढी भर घाला:

ए आणि एइ वेगळे लिहा. लेखणी ‘पेन’, वेदना ‘पेइन’.
ओ, ऑ आणि ओउ वेगळे लिहा. खाट ‘कॉट’, अंगातला कोट ‘कोउट’.
खालचा ओठ वरच्या दातांना लागत असेल तरच व्ह लिहा, नाहीतर व.
‘टी-एच’साठी थ़ आणि द़ असे खाली टिंब (नुक्ता) असलेले वर्ण वापरा. ‘झेड’च्या आवाजासाठी झ़ वापरा.
शब्दाचा एका झटक्यात म्हटला जाणारा तुकडा म्हणजे अवयव, आणि त्यावरचा जोर म्हणजे आघात. आघात असलेल्या अवयवाच्या आधी वर छोटी उभी खूण करा: ’इन्डस्ट्री, हो’टेल.

शब्दकोशातही आघाताची खूण अशीच अवयवाच्या आधी, वरच्या बाजूला असते. खालच्या बाजूला असेल तर तो दुय्यम आघात. विसर्गासारखी दोन टिंबं दिसली की स्वर लांबवायचा. उलटं छापलेलं इंग्रजी ‘ई’ अक्षर म्हणजे आपला साधा, आखूड ‘अ’. एवढ्या खुणा ओळखता आल्या तरी शब्दकोशातलं अर्धं काम झालं.

यापुढे या लेखातले उच्चार याच पद्धतीने लिहिले आहेत.

पायरी २: स्वरांच्या जोड्या

सर्वात जास्त गैरसमज ए-एइ आणि ओ-ओउ या जोड्यांमुळे होतात, म्हणून सुरुवात तिथून. लेखणीच्या ‘पेन’मधला ए आखूड असतो, पत्त्यातल्या ‘एक्का’मध्ये येतो तसा. वेदनेच्या ‘पेइन’मध्ये जीभ ए वरून निघते आणि इ कडे सरकते. मराठीत हा सरकता आवाज ‘घेई’, ‘देई’ भराभर म्हटलं की आपोआप येतो. ‘देई’तला द काढून ड घाला आणि दोन्ही स्वर एका दमात म्हणा: दिवसासाठीचा ‘डेइ’ तयार झाला. तसंच ‘होऊ’ एका दमात म्हणा आणि ह च्या जागी ग घाला: ‘गोउ’. जीभ आणि ओठ शेवटी हलले नाहीत तर आवाज अर्धवट राहिला असं समजा. आरशात पाहिलंत तर ‘गोउ’च्या शेवटी ओठ गोल होऊन पुढे आलेले दिसतात.

या जोड्या मोठ्याने, प्रत्येकी पाच वेळा म्हणा: गेट (मिळणे) आणि गेइट (फाटक), टेस्ट (चाचणी) आणि टेइस्ट (चव), ’पेपर (मिरी) आणि ’पेइपर (कागद), वेट (ओला) आणि वेइट (थांबणे), नॉट (नाही) आणि नोउट (टिपण), हॉल (दालन) आणि होउल (भोक), कॉल्ड (बोलावलं) आणि कोउल्ड (थंड).

दुसरी अडचण इ-ई आणि उ-ऊची. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार लिहिताना बहुधा दीर्घच असतो आणि बोलताना ऱ्हस्व-दीर्घाकडे आपण फारसं लक्ष देत नाही. इंग्रजीत मात्र ‘लिव्ह’ म्हणजे राहणे आणि ‘लीव्ह’ म्हणजे सोडून जाणे. इथे फरक केवळ लांबीचा नाही. आखूड इ म्हणताना जीभ सैल आणि थोडी खाली असते, ओठ पसरत नाहीत. दीर्घ ई म्हणताना ओठ हसल्यासारखे ताणले जातात. केवळ लांबवून फरक करायला गेलात तर घाईत बोलताना तो हरवतो, म्हणून ओठांवर लक्ष द्या. ‘फुल’ (भरलेला) आणि ‘फूल’ (मूर्ख) यांतही तेच: आखूड उ ला ओठ ढिले, दीर्घ ऊ ला घट्ट गोल.

तिसरी जोडी ए आणि ॲ: मेन आणि मॅन, बेड आणि बॅड. ॲ साठी जबडा आणखी बोटभर खाली यायला हवा. ही जोडी मराठी माणसाला बहुधा जमते, त्यावर जास्त वेळ घालवू नका.

स्वराची लांबी पुढच्या व्यंजनावरही अवलंबून असते, ही गोष्ट शाळेत सहसा सांगत नाहीत. ‘बॅक’ आणि ‘बॅग’ यांत क आणि ग चा फरक आहेच, पण इंग्रजी कान तो फरक ओळखतो तो मुख्यतः स्वरावरून: ग च्या आधीचा ॲ लांब असतो. ‘प्राइस’ (किंमत) आणि ‘प्राइझ़’ (बक्षीस), ‘सीट’ (आसन) आणि ‘सीड’ (बी) यांतही तसंच. शब्दाच्या शेवटी ग, ड, ब, झ़, व्ह असेल तर आधीचा स्वर मुद्दाम थोडा रेंगाळू द्या.

पायरी ३: व्यंजनं

व आणि व्ह: मराठी ‘व’ या दोघांच्या मधोमध आहे, म्हणून इंग्रजी माणसाला तो कधी हा वाटतो, कधी तो. ‘व’साठी ओठ शिट्टी वाजवताना करतो तसे गोल करा, दात कुठेही लागू देऊ नका, आणि उ पासून सुरुवात करा: उ-एस्ट, ‘वेस्ट’ (पश्चिम). ‘व्ह’साठी वरचे दात खालच्या ओठावर हलके टेकवा आणि हवा जाऊ द्या: ‘व्हेस्ट’ (बनियन). आरसा समोर ठेवून ‘’व्हेरी वेल’ म्हणा. पहिल्या शब्दाला दात दिसले आणि दुसऱ्याला लपले तर बरोबर.

इथे मराठी लेखनाचा एक सापळा आहे. आपण ‘व्हॉट्सॲप’, ‘व्हाइट’, ‘व्हील’ लिहितो, कारण स्पेलिंगमध्ये डब्ल्यूनंतर एच दिसतो. पण या सगळ्या शब्दांत आवाज व चा आहे: वॉट्सॲप, वाइट, वील. जुन्या इंग्रजीत तिथे हकार होता आणि स्कॉटलंडमधल्या काही बोलींत तो अजून ऐकू येतो, पण तिथेही दात ओठाला लागत नाहीत. ‘व्हॅन’, ‘व्हिडिओ’, ‘व्हायोलिन’ यांतला व्ह मात्र खरा. दोन्ही याद्या वहीत वेगळ्या ठेवा.

झ़ आणि ज: या बाबतीत मराठी माणूस नशीबवान आहे. ‘माझा’ आणि ‘माझी’ म्हणून पाहा. पहिल्यातला झ दातांपाशी उच्चारला जातो, दुसऱ्यातला टाळूपाशी. इंग्रजीतला ‘झेड’ हा ‘माझा’तल्या झ च्या जवळचा आहे, फक्त हकार काढायचा आणि जीभ दातांना न टेकवता मधमाशीसारखी गुणगुण चालू ठेवायची. म्हणून ‘झ़ू’ (प्राणिसंग्रहालय) आपल्याला सहज येतो. गडबड होते ती इ आणि ए च्या आधी, कारण मराठीत या स्वरांआधी च, ज, झ आपोआप तालव्य होतात. ‘झ़ीरो’चा ‘जीरो’, ‘झ़ेब्रा’चा ‘जेब्रा’, ‘झ़िप’चा ‘जिप’ होतो तो याच सवयीने. उपाय सोपा आहे: आधी ‘झ़ू झ़ू झ़ू’ म्हणा, जीभ जिथे आहे तिथेच ठेवा आणि स्वर बदला, ‘झ़ू, झ़ा, झ़े, झ़ी’. ‘झ़ी’ला जीभ टाळूकडे सरकली की लगेच जाणवतं.

‘मेजर’ (मोजणे), ‘प्लेजर’ (आनंद), ‘टेलिव्हिजन’ यांत मात्र ना ज आहे ना झ. तो घोष असलेला श आहे. गळ्याला दोन बोटं लावा, लांब ‘शऽऽ’ म्हणा आणि तोंड तसंच ठेवून कंठात आवाज आणा. बोटांना कंप जाणवला की तो ध्वनी सापडला.

थ़ आणि द़: ‘टी-एच’च्या जागी मराठी थ आणि द वापरले तर ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा कळतं, कारण आपण ट-ड पासून तो वेगळा ठेवतो. तरीही नीट करायचा असेल तर जिभेचं टोक दोन दातांच्या फटीत आणा आणि हवा अडवू नका. मराठी थ फुटतो, इंग्रजी थ़ वाहतो. तो दोन सेकंद लांबवता आला तर बरोबर. लांबवता येत नसेल तर तो मराठी थ आहे.

प, ट, क: शब्दाच्या किंवा आघाताच्या अवयवाच्या सुरुवातीला हे तीन इंग्रजीत हकारयुक्त असतात. आपण हकाराविना ‘पिन’ म्हटलं तर लंडनच्या किंवा शिकागोच्या कानाला ते ‘बिन’ वाटू शकतं. परदेशी सहकाऱ्यांशी फोनवर बोलणाऱ्यांना ही अडचण फार येते आणि तिचं कारण त्यांना कोणी सांगत नाही. मराठीत ख, ठ आहेतच. किल्लीसाठीचा शब्द ‘की’ न म्हणता हलक्या ख ने म्हणा. प साठी ‘फळ’मधला दोन्ही ओठांचा फ हलका करा, दातांचा नको. स नंतर आले तर हकार नाही: ‘स्पिन’, ‘स्काय’ जसे आपण म्हणतो तसेच बरोबर आहेत. ट आणि ड साठी जिभेचं टोक मागे वळवू नका, वरच्या दातांमागे हिरडीचा जो उंचवटा आहे तिथे टेकवा.

‘य’ एका ठिकाणी सुटतो: ई च्या आधी. वर्ष आणि कान दोन्ही आपण ‘इयर’ म्हणतो. वर्षासाठी आधी य स्पष्ट यायला हवा: ‘यीअर’, कानासाठी नुसता ‘इअर’.

पायरी ४: आघात

सगळ्या पायऱ्यांमध्ये एकच निवडायची वेळ आली तर ही निवडा. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखंच वजन देतो आणि त्याने अर्थ बिघडत नाही. इंग्रजीत शब्द ओळखला जातो तो आघातावरून. आघात चुकला तर सगळे ध्वनी बरोबर असूनही समोरच्याला शब्द सापडत नाही.

आघात म्हणजे नुसतं मोठ्याने बोलणं नव्हे. आघाताचा अवयव लांब, उंच आणि स्वच्छ असतो. बाकीचे अवयव आखडतात आणि त्यांतले बरेचसे स्वर ‘अ’ किंवा ‘इ’ होतात. केळ्यासाठीच्या शब्दात पहिला आणि शेवटचा दोन्ही स्वर ‘अ’, मधला तेवढा लांब: ब’नान (शेवटचा न पूर्ण म्हणायचा). मराठीने हा आखडलेला ‘अ’ काही शब्दांत अचूक पकडला आहे. स्पेलिंगमध्ये ‘ओ’ असूनही आपण ‘डॉक्टर’, ‘कलेक्टर’, ‘पायलट’ लिहितो, आणि ‘ए-आय-एन’ असूनही ‘कॅप्टन’. हे शब्द ऐकून आले, वाचून आले नाहीत. ‘कर्नल’ हे त्याचं उत्तम उदाहरण: स्पेलिंगमध्ये र च्या जागी एल आहे, पण मराठीत कोणी ‘कोलोनेल’ म्हणत नाही. जे शब्द वाचून आले ते मात्र फसवतात: ‘कॉलेज’, ‘लगेज’, ‘व्हिलेज’, ‘मॅरेज’, ‘पॅकेज’. या सगळ्यांचा शेवट ‘इज’ आहे: ’कॉलिज, ’लगिज, ’व्हिलिज.

आघात शोधायला शेपूट उपयोगी पडतं. ‘-शन’, ‘-इक’, ‘-इटी’, ‘-इअन’, ‘-ग्रफी’, ‘-लजी’ या शेवटांच्या लगेच आधीच्या अवयवावर आघात येतो: एज्यु’केइशन, ईक’नॉमिक, इलेक’ट्रिसिटी, फ’टॉग्रफी, टेक’नॉलजी. त्यामुळे एकाच कुळात आघात सरकत जातो: ’फोउटग्राफ, फ’टॉग्रफी, फोउट’ग्रॅफिक. ‘-इक’ला मोजके अपवाद आहेत: ’पॉलिटिक्स, ’कॅथलिक, ’ॲरबिक. ‘-ईअर’ आणि ‘-ईझ़’ या शेपटांवर स्वतःवरच आघात येतो: एन्जि’नीअर, व्हॉलन’टीअर, जॅप’नीझ़.

दोन अवयवांच्या काही शब्दांत नाम आणि क्रियापद यांचा फरक आघातच करतो. नाम असेल तर पहिल्या अवयवावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर: ’रेकॉर्ड (नोंद), रि’कॉर्ड (नोंदवणे), ’प्रेझ़न्ट (भेट), प्रि’झ़ेन्ट (सादर करणे). ‘परमिट’, ‘इम्पोर्ट’, ‘एक्सपोर्ट’, ‘ऑब्जेक्ट’, ‘कॉन्डक्ट’ यांचंही तेच. पण हा नियम सगळीकडे लावू नका. रि’पोर्ट आणि रि’प्लाय नाम असोत की क्रियापद, आघात दुसऱ्यावरच.

आपल्याकडे ज्यांचा आघात हमखास सरकतो ते शब्द: ’इन्डस्ट्री, डि’व्हेलप, क’मिटी, हो’टेल, इ’व्हेन्ट, सक’सेस, इन’टर्प्रिट, ’कॅटिगरी, ’कॉलीग. ‘डि’टर्मिन’च्या शेवटी ‘माइन’ नाही आणि ‘’पर्चस’च्या शेवटी ‘चेस’ नाही. ‘’कम्फ्टबल’, ‘’व्हेज्टबल’, ‘’चॉक्लट’ यांत लिहिलेला एकेक स्वर बोलताना चक्क गळतो.

सराव असा करा: शब्द म्हणताना आघाताच्या अवयवाला टेबलावर बोट आपटा, बाकी अवयवांना नाही. बोट दोनदा आपटावंसं वाटलं तर दोन्ही अवयवांना वजन दिलं जातंय. मग शब्द न उच्चारता फक्त ‘ड-’डा-ड’ अशा ठेक्यात म्हणा, आणि शेवटी पुन्हा शब्द.

पायरी ५: ‘-ईडी’ आणि ‘-एस’चे तीन-तीन आवाज

भूतकाळाचा ‘-ईडी’ कधीच ‘एड’ नसतो. ‘आस्केड’, ‘वॉकेड’ हे डोळ्यांनी वाचलेले उच्चार. नियम गळ्यावर बोट ठेवून तपासता येतो. मूळ क्रियापदाचा शेवटचा आवाज कंठकंपाशिवाय असेल (प, क, फ, स, श, च) तर ट: आस्क्ट, स्टॉप्ट, लाफ्ट, वॉच्ट. शेवट कंप असलेला किंवा स्वराचा असेल तर ड: प्लेइड, कॉल्ड, लिव्ह्ड. शेवटी ट किंवा ड च असेल तरच वेगळा अवयव येतो: ’वॉन्टिड, ’नीडिड. आवाज पाहायचा, अक्षर नव्हे. ‘लाफ’च्या शेवटी जी-एच लिहितात पण आवाज फ चा आहे, म्हणून ट. ‘’नेइकिड’ (नागडा), ‘’विकिड’ (दुष्ट), ‘’सेइक्रिड’ (पवित्र) अशी काही विशेषणं या नियमाबाहेर आहेत.

अनेकवचनाचा ‘-एस’ही तसाच: कंठकंप नसलेल्या आवाजानंतर स, कंप असलेल्यानंतर झ़, आणि स, झ़, श, च, ज यांच्यानंतर इझ़. मांजरांच्या ‘कॅट्स’चा शेवट आपल्याकडे तयारच आहे: ‘पाच’, ‘नाच’ यांतला दंत्य च. पलंगांच्या ‘बेड्झ़’चा शेवट ‘आज’मधल्या ज सारखा. ‘बसिझ़’, ‘’बॉक्सिझ़’ यांत अवयव वाढतो. हाच नियम तिसऱ्या पुरुषाच्या क्रियापदांना आणि मालकीच्या ‘-एस’लाही लागतो.

पायरी ६: स्पेलिंग कुळावरून

इंग्रजी स्पेलिंग अगदीच बेशिस्त नाही, पण त्याची शिस्त ठिकाणावर आणि घराण्यावर चालते. ‘जी-एच-ओ-टी-आय’ ही अक्षरं ‘फिश’ अशी वाचता येतात, असं गमतीने दाखवतात: ‘इनफ’मधला जी-एच, बायकांच्या ‘विमिन’मधला ओ, ‘नेशन’मधला टी-आय. पण जी-एच शब्दाच्या सुरुवातीला कधीच फ होत नाही, टी-आय चा श फक्त शेपटात पुढे स्वर असताना होतो, आणि ओ चा इ त्या एकाच शब्दात आहे. इगतपुरीजवळच्या स्टेशनवर हीच पाच अक्षरं पाहून इंग्रजी जाणणारा कोणीही ‘घोटी’ किंवा ‘गोटी’ असंच वाचेल. अक्षर कुठे बसलंय ते आधी पाहा.

‘सी-एच’चे तीन आवाज शब्दाचं घराणं सांगतात. जुन्या इंग्रजी शब्दांत च: चर्च, चाइल्ड. ग्रीकमधून आलेल्यांत क: केमिस्ट्री, स्कूल, कॅरक्टर, स्टमक. फ्रेंचमधून अलीकडे आलेल्यांत श: शेफ, मशीन, पॅराशूट, ब्रोशर. विज्ञानाचा किंवा अभ्यासाचा शब्द असेल तर क धरून चाला, फॅशनचा किंवा हॉटेलातला असेल तर श.

‘सी’ पुढे ई, आय, वाय असेल तर स, नाहीतर क. याला अपवाद फार थोडे. ‘जी’चा नियम तोच पण कच्चा आहे, ‘गेट’ (मिळणे), ‘गिव्ह’, ‘गर्ल’, ‘गिफ्ट’, ‘टायगर’ हे रोजचेच शब्द तो मोडतात.

शेवटचा मुका ‘ई’ आधीचा स्वर लांबवतो: कॅप, केइप, हॉप, होउप. ‘हॅव्ह’, ‘गिव्ह’, ‘लव्ह’मध्ये मात्र तो फक्त एवढ्यासाठी आहे की इंग्रजीत शब्द ‘व्ही’वर संपवायची रीत नव्हती. ‘लव्ह’, ‘कम’, ‘सन’ (मुलगा), ‘वन्डर’ यांत अ चा आवाज असून ‘ओ’ का लिहितात? हस्तलिखितांच्या काळात यू, एन, एम, व्ही या सगळ्यांच्या उभ्या रेघा एकमेकींत मिसळून जात. वाचता यावं म्हणून लेखनिक त्यांच्याशेजारी यू ऐवजी ओ लिहू लागले, असं मानतात. हे कारण कळलं की असे शब्द एका गटात बसतात.

‘-ओ-यू-जी-एच’ची भीती मोठी, पण यादी छोटी आहे. पुढे टी असेल तर ऑट: थ़ॉट, बॉट, ब्रॉट, फॉट, अपवाद ड्राउट (दुष्काळ). फ चे मोजकेच: रफ, टफ, इ’नफ, कॉफ. उरलेल्यांत ‘द़ोउ’ (जरी) आणि ‘डोउ’ (मळलेलं पीठ), ‘थ़्रू’ (मधून), ‘प्लाउ’ (नांगर) आणि ‘’थ़र’ (कसून). जी-एचच्या जागी एकेकाळी खरंच ख सारखा आवाज होता. रात्रीसाठीचा जर्मन शब्द ‘नाख्ट’ अजूनही तो जपून आहे.

मुक्या अक्षरासाठी त्या शब्दाचा असा नातेवाईक शोधा ज्यात ते अक्षर बोलतं. सहीच्या ‘साइन’मधला मुका जी ‘’सिग्नचर’मध्ये बोलतो. बॉम्बचा शेवटचा बी ‘बॉम’बार्ड’मध्ये, स्नायूच्या ‘मसल’मधला सी ‘’मस्क्युलर’मध्ये, ‘कॉलम’चा शेवटचा एन ‘’कॉलम्निस्ट’मध्ये, दोनसाठीच्या ‘टू’मधला डब्ल्यू ‘ट्वाइस’ आणि ‘ट्वेल्व्ह’मध्ये. कर्जाच्या ‘डेट’मध्ये बी नंतर घातला गेला, लॅटिन मुळाची आठवण म्हणून, बँकेतलं ‘’डेबिट’ आठवलं की तो विसरत नाही. बेटाच्या ‘’आयलन्ड’मधला एस मात्र दुसऱ्याच शब्दाच्या प्रभावाने चुकून शिरला आहे, त्याला नातेवाईक नाही, तो पाठच करायचा.

हीच युक्ती आखडलेल्या ‘अ’वर चालते. ‘’ग्रॅमर’च्या शेवटी ए की ई? आघात सरकवा: ग्र’मॅटिकल. ए. ‘’ऑथ़र’? ऑ’थ़ॉरिटी, म्हणून ओ. ‘’एडिटर’? एडि’टॉरिअल, ओ. ‘’डेफिनिट’मध्ये एन नंतर आय, कारण डेफि’निशन.

व्यंजन दुप्पट करायचं की नाही, हेही आघातच ठरवतो. शेवटचा अवयव आघाताचा आणि त्यात एक स्वर, एक व्यंजन असेल तर दुप्पट: बि’गिनपासून ‘बिगिनिंग’ दोन एन चं, पण ’ओउपनपासून ‘ओपनिंग’ एका एन चं. रि’फर्डमध्ये दोन आर, पण ’रेफ्रन्समध्ये आघात पहिल्या अवयवावर सरकतो म्हणून एकच. ब्रिटिश इंग्रजी ‘ट्रॅव्हलिंग’मध्ये दोन एल लिहून हा नियम मोडते, अमेरिकन एकच लिहिते.

‘अ’ की ‘ॲन’, हे लगेच पुढच्या आवाजावरून ठरवा. तास आणि प्रामाणिक या शब्दांतला एच मुका, म्हणून ॲन. आमदाराचं आद्याक्षरी नाव ‘एम’ने सुरू होतं, ऐकू येतो ए, म्हणून ॲन. विद्यापीठ आणि गणवेश यू ने लिहितात, ऐकू येतो य, म्हणून अ.

पायरी ७: तपासणी

रोज पंधरा मिनिटं पुरतात. पाच मिनिटं जोड्या, पाच मिनिटं आघाताचे दहा शब्द, पाच मिनिटं कुळांची वही. एका आठवड्यात एकच नवी व्यंजनजोडी घ्या. व-व्ह आणि झ़-ज एकदम घेतले तर तोंड दोन्हीकडे अडखळतं.

आधी कान तपासा. फोनवर दहा जोड्यांचे वीस शब्द उलटसुलट क्रमाने रेकॉर्ड करा, क्रम वेगळ्या कागदावर लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ऐकून ओळखा. स्वतःचाच आवाज ओळखता आला नाही तर तो फरक अजून तोंडात आलेला नाही.

मग फोनचं बोलून लिहिण्याचं साधन वापरा, पण वाक्य बोलू नका. वाक्यात ते संदर्भावरून अंदाज बांधतं आणि चुकीचा उच्चारही बरोबर लिहितं. एकेक सुटा शब्द म्हणा. भाषा ‘इंग्रजी, भारत’ अशी असेल तर ते आपल्या सवयी माफ करतं. ‘ब्रिटन’ किंवा ‘अमेरिका’ ठेवून पाहा. मात्र त्यांपैकी एक निवडल्यावर बदलू नका, कारण स्वरानंतरचा र ब्रिटिश प्रमाण बोलीत गळतो आणि अमेरिकनमध्ये राहतो. आपल्याकडे तो स्पष्ट म्हणतात आणि त्याने कुठेही अडत नाही. तो सोडायचा प्रयत्न करू नका, फक्त त्याला जास्त थरथरवू नका.

फोन सतत ‘’पेइपर’च्या जागी मिरी लिहीत असेल तर स्वर सरकत नाहीये: परत ‘देई’ आणि ‘घेई’वर या. ‘पिन’च्या जागी ‘बिन’ येत असेल तर हकार कमी पडतोय. ‘वेट’च्या जागी जनावरांचा डॉक्टर, म्हणजे ‘व्हेट’, येत असेल तर दात ओठाला लागताहेत. आरसा घ्या आणि उ पासून सुरुवात करा.